जागरणाची वाटणी

रात्रीचे तीन ही वेळ मला नवी नाही. वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून नोकरीचा मोठा काळ रात्रपाळीत गेला. शहर आवृत्तीचं शेवटचं पान सोडायचं, कँटीनमधला उकळून उकळून काळा झालेला चहा घ्यायचा आणि पहिल्या लोकलची वाट बघत स्टेशनच्या बाकावर पेंगायचं. निवृत्त झालो तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता दहाला झोपत जा. मी दहाला आडवा होतो आणि तीनला टक्क जागा असतो. पेपर आता दुसरे लोक काढतात, ही बातमी माझ्या शरीरापर्यंत अजून पोचलेली नाही. त्यामुळे गेल्या वर्षी सून माहेरचं बाळंतपण आटोपून चार महिन्यांच्या नातीला घेऊन डोंबिवलीला आली आणि बघता बघता घरातल्या सगळ्यांचे डोळे खोल गेले, तेव्हा रात्री तीनच्या ड्यूटीला लायक असा उमेदवार घरात एकच निघाला.

‘बाळाला झोपेचा प्रॉब्लेम आहे’ असं सगळे म्हणत होते. मुलाने मोबाईलवर तक्ताच ठेवला होता. किती वाजता झोपली, किती वाजता उठली, मध्ये किती मिनिटं रडली. उपसंपादकाच्या सवयीने मी आकड्यांची बेरीज करून पाहिली. चोवीस तासांत बाईसाहेब चौदा तासांच्या आसपास झोपत होत्या. नवजात बाळ १४ ते १७ तास झोपतं आणि चार ते अकरा महिन्यांचं बाळ १२ ते १५ तास, असं या विषयातले जाणकार सांगतात. म्हणजे बेरजेत खोट नव्हती. फक्त त्या झोपेचे तुकडे पडले होते, आणि ते आमच्या रात्रीत बसत नव्हते. मी हे जेवताना मोठ्या उत्साहाने बोलून दाखवलं. सुनेने पोळीचा घास खाली ठेवला आणि म्हणाली, “बाबा, तिची झोप पुरी होते हे मला माहीत आहे. माझी होत नाही.”

नंतर मी या विषयावर बरंच वाचलं, पण या वाक्याच्या फारसा पुढे गेलो असं वाटत नाही.

पोटात असताना बाळाला दिवस-रात्रीची खबर आईकडून मिळते. अंधार पडला की आईच्या रक्तात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि वारेतून ते बाळापर्यंत पोचतं. नाळ कापली की ही खबर बंद. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन वेळच्या वेळी स्रवायला लागेपर्यंत तीनेक महिने जातात. तोवर त्याला रात्र ठाऊक नसते, भूक ठाऊक असते. निसर्गाने एक बारीकशी सोय मात्र ठेवली आहे. आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं आणि दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आली तेव्हा सुनेने बाटल्यांवर तारखेच्या जोडीला वेळही लिहायला सुरुवात केली. रात्रीचं रात्री, दिवसाचं दिवसा. याने नेमका किती फरक पडतो हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. पण फ्रीजच्या दारात ‘रा. २.१०’ अशी चिठ्ठी चिकटवलेली बाटली पाहिली की मला आमच्या शहर आवृत्तीची वेळ आठवायची आणि उगाच छातीत धडधडायचं.

झोपेच्या अभ्यासाचा उगम शोधत गेलात की शिकागोचे नथॅनियल क्लाइटमन भेटतात. या गृहस्थांबद्दल मला जिव्हाळा आहे. १९३८ साली ते एका तरुण सहकाऱ्याला घेऊन केंटकीच्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत ३२ दिवस जाऊन राहिले. सूर्य नाही, आवाज नाही. तिथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळून पाहिला, शरीर या नव्या घड्याळाला वळतं का ते बघायला. तरुणाचं शरीर वळलं. क्लाइटमनसाहेबांचं, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, काही केल्या वळलं नाही. रात्रपाळी केलेल्या कुठल्याही माणसाने हा निष्कर्ष गुहेत न जाता सांगितला असता, पण आमचं कोण छापणार?

याच क्लाइटमनांनी पुढे युजीन ॲसरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याला झोपलेल्या तान्ह्या बाळांच्या डोळ्यांकडे बघत बसायचं काम दिलं. या कामातूनच पुढे १९५३ साली, बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलणाऱ्या झोपेचा शोध जाहीर झाला. मोठ्या माणसाला स्वप्नं पडतात ती बहुतेक याच झोपेत. आपल्या रात्रीचा साधारण पाचवा भाग ही झोप असते. नवजात बाळाच्या झोपेचा जवळजवळ निम्मा. त्या वेळी बाळ हसतं, ओठ काढतं, मुसमुसतं, मुठी वळतं, पाय झाडतं, कधी चक्क एक किंकाळीही मारतं, आणि या सगळ्यात ते जागं नसतं. नव्या आईबापांचा इथेच घोटाळा होतो. पोर हललं की उचललं, आणि उचललं की ते खरोखरच उठलं.

आमची ही मात्र असं काही दिसलं की मला दारातच अडवायची. “सटवाई खेळवतेय तिला. हात लावू नका.” पाचवीच्या रात्री नशीब लिहून गेलेली सटवाई पुढे कित्येक महिने बाळाला झोपेत हसवते नि रडवते, हे तिला तिच्या आजीने सांगितलेलं. मी शिकागोचा दाखला दिला, तिने सटवाईचा दिला. दोघांनी मिळून पाळण्यापाशी मिनिटभर थांबायचं तेवढं ठरवलं. अर्ध्याहून जास्त वेळा ती पोर आपसूक शांत व्हायची. श्रेय कोणाला द्यायचं यावर आमच्यात अजून एकमत नाही.

चौथ्या महिन्याच्या सुमाराला बाळाच्या झोपेची घडण बदलते. ती हळूहळू मोठ्यांच्या झोपेसारखी व्हायला लागते : हलकी, गाढ, पुन्हा हलकी, अशी आवर्तनं. आपलं आवर्तन दीडेक तासाचं, तान्ह्याचं तासाभराचं किंवा त्याहून थोडं कमी. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपण सगळेच किंचित जागे होतो, उशी चाचपतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी आठवतही नाही. बाळ त्याच जागी उठून बघतं तर सगळंच बदललेलं. झोपताना खांदा होता, वास होता, हेलकावा होता, कुणीतरी ‘जो जो’ करत होतं. आता गादी आणि छत. समजा तुम्ही घरी आपल्या अंथरुणावर झोपलात आणि जाग आली ती कर्जतच्या फलाटावर, तर तुम्ही कूस बदलून पुन्हा झोपाल? बोंब ठोकाल. बॉस्टनच्या रिचर्ड फर्बर या बालरोगतज्ज्ञांनी १९८५ साली लिहिलेल्या आणि अमेरिकेतल्या घराघरांत पोचलेल्या पुस्तकाचं सार एवढंच. उपाय म्हणून त्यांनी सांगितलं की बाळाला पेंग आलेली असताना, पण पुरतं झोपण्याआधी त्याच्या जागेवर ठेवा. रडलं तर थोडं थांबून जा, मग थोडं जास्त थांबून जा. कर्जतलाच झोपायची सवय लावा, म्हणा ना.

खांद्यावरून गादीवर न्यायचं ते अर्धं मिनिट कुठल्याही घरातला सगळ्यांत नाजूक कार्यक्रम असतो. आमच्याकडे मिक्सर चालू असताना, वरच्या मजल्यावर ड्रिल चालू असताना नात ढिम्म हलायची नाही. पण तिला ठेवायला मी वाकलो की माझा उजवा गुडघा कट्कन वाजायचा आणि डोळे टक्क उघडे. डायपरच्या चिकटपट्टीचा ‘चर्र’ हा दुसरा शत्रू. मुलाने यावर उपाय म्हणून मला आधी गुडघा वाजवून घ्यायला सांगितलं. मीही बाल्कनीत जाऊन बैठक मारून यायचो.

जपानमधल्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटाने या अर्ध्या मिनिटाचा रीतसर अभ्यास केला आहे. २०२२ साली तो प्रसिद्ध झाला. बाळांच्या छातीला यंत्रं लावून त्यांनी हृदयाचे ठोके मोजले. रडणाऱ्या बाळाला घेऊन चालायला लागलं की ठोके मंदावतात. नुसतं उचलून बसलं तर तेवढे नाही. उंदराची पिल्लंही आईने मानेला धरून उचलली की निपचित होतात, हे याच गटाने आधी दाखवलेलं होतं. आणि ठेवताना बाळ उठतं ते पाठ गादीला टेकते म्हणून नव्हे. धरणाऱ्याच्या अंगापासून त्याचं अंग सुटायला लागतं त्या क्षणी ठोके वाढतात. मग त्यांनी कृती सांगितली : पाच मिनिटं चाला, झोप लागली की लगेच ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसा, झोप खोल जाऊ द्या, आणि मग ठेवा. मी हे घरात वाचून दाखवल्यावर ही म्हणाली, “हे सांगायला जपान कशाला हवं?” खरं आहे. पण आठ मिनिटं घेऊन बसायचं हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या बाबतीत लागू पडलं ते नेमकं तेवढंच. चालणं सगळ्यांनाच सुचतं. बसून राहायला मात्र अशा माणसाची गरज असते की ज्याला दुसरं कुठे जायचं नाही.

मधल्या काळात विहीणबाईंकडून गुटीचा डबा आला. हिरडा, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जेष्ठमध, अतिविष, खारीक, बदाम, आणि झोपेसाठी खास जायफळ. सहाणेवर आईच्या दुधात प्रत्येकाचे मोजून वेढे द्यायचे, जायफळाचा एकच. माझ्या मुलाला ही गुटी दिली होती, मलाही दिली असणार. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र डबा उघडूही दिला नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, कारण त्यातून तान्ह्याच्या आतड्यात विषारी जंतू वाढू शकतात. आणि जायफळाचा वेढा कुणी जड हाताने घातला, तर जी येते ती गुंगी असते, झोप नव्हे. विहीणबाईंना हे कोणी सांगायचं यावर घरात चर्चा झाली. कोणीही सांगितलं नाही. डबा अजून फळीवर आहे.

त्या गुंगीवरून मला माझी आजी आठवली. ती लालबागच्या चाळीतली, एका गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला. तिच्या तोंडून बाळगोळी हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि तो औषधाचा प्रकार असावा असं समजून चाललो होतो. गोळी अफूची असायची. बाजरीच्या दाण्याएवढी, आजी बोटाच्या पेरावर दाखवायची. भोंगा व्हायच्या आत पोराला पाजायचं, गोळी चारायची आणि म्हातारीच्या नाहीतर शेजारणीच्या भरवशावर टाकून कामावर जायचं. पोर दुपारपर्यंत गप पडून राहायचं. “रडायचं नाही आणि दूधही मागायचं नाही,” असं ती म्हणायची, आणि त्यापुढे काही बोलायची नाही. तिच्या चाळीतलं एक पोर उठलंच नव्हतं. ते कोणाचं हे तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आजीच्या आठवणीला सरकारी कागदाचा आधार आहे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने नेमलेल्या एका डॉक्टर बाईंनी गिरणगावातल्या कामकरी बायकांची पाहणी केली. या बायकांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. हे काही अडाणी मुंबईचंच नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्या जेव्हा जगाला कापड पुरवत होत्या तेव्हा तिथल्या कामकरणींच्या घरात अफूचा अर्क घातलेलं ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ असायचं. अमेरिकेत मॉर्फिन घातलेलं बाळांचं सिरप राजरोस विकलं जायचं. गिरणी आली की तिच्यामागून बाळांना झोपवायचं औषध आलंच. ग्राइप वॉटरसुद्धा १८५१ सालचं, इंग्लंडातलं. त्यात पूर्वी दारूचा अंश असे. आणि शेपाही. म्हणजे आमच्या बाळंतिणींच्या सुपारीतला बाळंतशेपा विलायतेहून बाटलीत भरून आमच्याकडेच परत आला, हा भाग वेगळा.

मला या नोंदीत आयांचा निष्काळजीपणा दिसत नाही. आजीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बाराची खोली. त्यात रात्रपाळी करून आलेले दोन गडी दिवसा झोपलेले. त्यांची झोप मोडली तर गिरणीतल्या साच्यात हात जाणार, म्हणून पोराने रडायचं नाही. बाई घरी राहिली तर पगार नाही, म्हणून पोराने पाजायला मागायचं नाही. त्या खोलीत झोपेची गरज सगळ्यांना होती आणि तिचा हिशेब सगळ्यांत लहान माणसाच्या जिवावर चुकता होत होता. बाळ झोपत नाही ही तक्रार जन्माला येते ती कुणाला तरी सकाळी कामावर जायचं असतं म्हणून. मग ते काम गिरणीतलं असो नाहीतर सकाळी साडेआठच्या मीटिंगचं.

हे ज्यांनी वेळेवर ओळखलं त्यांनी गोळीवर नुसती बंदी घाला असं म्हटलं नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार मालकाने आणि सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळांच्या झोपेवर आजवर जेवढी पुस्तकं आली आहेत त्यांच्या यादीत हा कायदा कोणी घालत नाही. मी घालीन, आणि वरच्या नंबरावर.

गोळी गेली, गरज गेली नाही. ऊसतोडीच्या फडाच्या कडेला बाभळीला नाहीतर बैलगाडीच्या दांडीला साडीची झोळी बांधलेली अजून दिसते. आई कोयता घेऊन सरीत, आणि झोळीची दोरी ओढायला पाच-सहा वर्षांची ताई. झोळीत पोर छान झोपतं, पण पाठ वाकून हनुवटी छातीला टेकली तर इवलीशी श्वासनळी दबू शकते. म्हणून डॉक्टर सपाट, टणक जागा सांगतात आणि झोळीवर मोठ्या माणसाची नजर हवी म्हणतात. बाळाला झोका द्यायला जिला ठेवलंय, तिलाच कोणीतरी शाळेत न्यायला हवं आहे, तिथे नजर कोणाची ठेवायची?

अमेरिकी पुस्तकांतलं भांडण मी जरा कंटाळतच वाचलं. १८९४ साली ल्यूथर एमेट होल्ट या डॉक्टरांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक पुस्तिका काढली आणि पाळणा हलवणं ही वाईट सवय असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून एक पक्ष ‘रडू द्या’ म्हणतो, दुसरा ‘कुशीत घ्या’ म्हणतो, आणि दोघेही दुसऱ्याच्या मुलाचं मानसिक नुकसान होणार असं बजावतात. मेलबर्नमध्ये सव्वातीनशेच्या आसपास मुलांवर एक शिस्तशीर प्रयोग झाला. निम्म्या घरांना फर्बरच्या वळणाच्या सौम्य पद्धती शिकवल्या, निम्म्यांना नाही. सुरुवातीला शिकवलेल्या घरांत बाळं बरी झोपली, आणि मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा तिथल्या आया कमी खचलेल्या होत्या. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं तर दोन्हीकडे फरक काहीच नाही; बिघडलंही नव्हतं आणि सुधारलंही नव्हतं. मुलं झोपायला शिकतातच. मधल्या काळात आईचं काय होतं एवढाच खरा फरक.

आम्ही फर्बरसाहेबांच्या वाटेने जाऊन पाहणार होतो. पण ही पद्धत ज्यांनी शोधली त्यांना डोंबिवलीच्या सोसायटीची कल्पना नसावी. आमच्या भिंतीतून पलीकडची शिंक ऐकू येते. बाळ तीन मिनिटं सलग रडलं की समोरच्या काकू दार वाजवतात, पाचव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरचे आजोबा फोन करतात, आणि सकाळी दूधवाला विचारतो, रात्री काय झालं होतं? तेव्हा थोडं थांबून जायचं या नियमातलं ‘थोडं’ आमच्याकडे काकूंच्या चपला पायात घालण्याच्या वेळेइतकं होतं.

शेवटी जे केलं ते सगळं साधं होतं. सकाळी सातच्या आत तिला बाल्कनीत उजेडात न्यायचं, मग ती रात्री कितीही जागलेली असो. दिवसा घर गजबजलेलं ठेवायचं, कोणी कुजबुजत बोलायचं नाही. संध्याकाळी रोज तोच क्रम : तेलाचा हात, कोमट पाणी, दुपटं, दूध, बत्ती मंद. रात्री उठली तर दिवा लावायचा नाही, तिच्याशी गप्पा नाहीत, कौतुक नाही. हा शेवटचा नियम मला सर्वांत जड गेला, कारण रात्री तीनला बाईसाहेब अशा काही प्रसन्न हसायच्या की अख्ख्या कारकिर्दीत त्या वेळेला माझ्याकडे बघून कोणी तसं हसलेलं नव्हतं.

आणि मी ड्यूटी चार्ट लावला. वर्तमानपत्रात दुसरं काही शिकलो नसेन, पण माणसं कमी असताना रात्र कशी काढायची हे शिकलो होतो. दहा ते दोन मुलगा, दोन ते पाच मी, पाचनंतर ही. सुनेला फक्त पाजायला उठवायचं. ढेकर काढणं, डायपर, चालणं, बसणं आमच्याकडे. दुसऱ्या खोलीत दार लावून ती झोपेल. पहिल्या रात्री ती झोपलीच नाही, दाराला कान लावून बसली होती. दुसऱ्या रात्रीही बरीचशी तशीच. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “बाबा, आज मी चार तास झोपले.” त्या दिवशी तिने कित्येक दिवसांनी स्वतःहून रेडिओ लावला. नात त्या रात्रीही पूर्वीइतक्याच वेळा उठली होती, मुलाच्या तक्त्यात आहे.

डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट दटावून सांगितली होती, ती इथे लिहून ठेवतो. बाळाला पाठीवरच झोपवायचं. कुशीवर नाही, पालथं तर नाहीच. पाश्चात्त्य देशांत मधली काही दशकं पालथं झोपवायचा सल्ला दिला जायचा. नव्वदच्या दशकात तो मागे घेऊन पाठीवर झोपवायची मोहीम काढली, आणि पाळण्यात अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यावर आलं. जवळ उशी नको, राईचीही नको. मऊ गोधड्यांचा ढीग नको. बाळ मोठ्यांच्या खोलीत असावं, पण आपल्या जागेवर. आणि सगळ्यांत धोक्याची जागा म्हणजे सोफा. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर बसलेल्या माणसाला डुलकी लागते, पोर फटीत घसरतं. “आजोबा, पेंग आली की तिला खाली ठेवा, रडली तरी चालेल,” असं त्यांनी मला नाव घेऊन बजावलं. मी टेकायला पाठ नसलेलं स्टूल घेतलं.

सुनेची सव्वीस आठवड्यांची रजा संपली. २०१७ पासून कायद्याने ती मिळते, आधी बारा आठवडे होती. हे ऐकायला आजी असायला हवी होती. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली तर कंपनीने पाळणाघराची सोय करावी असंही कायद्यात आहे. सुनेच्या कंपनीने सोय केली आहे, ती तिच्या ऑफिसपासून दोन स्टेशनं लांब. म्हणून आम्ही आमच्याच गल्लीतलं, एका ताईंनी घरात चालवलेलं पाळणाघर धरलं.

पहिल्या दिवशी मी ताईंना लिहून आणलेला कागद दिला. उजेड किती, आवाज किती, चालायचं किती, बसायचं किती, गादी कशी. त्यांनी तो वाचून फ्रीजवर चुंबकाखाली लावला. आत टीव्हीवर मालिका चालू होती, स्वयंपाकघरात मिक्सर, आणि हॉलमध्ये सात-आठ पोरं एका चेंडूवरून भांडत होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. नात माझ्याकडे बघून हातपाय नाचवायला लागली, ताईंनी खाली ठेवलं की किरकिर, पुन्हा माझ्याकडे बघून हसू. असा तासभर गेला. मग ताई म्हणाल्या जरा दूध घेऊन या कोपऱ्यावरून. मी दूध घेऊन आलो तर बाईसाहेब भिंतीशी सतरंजीवर ओळीत तिसऱ्या, पाठीवर, हात दोन्ही बाजूंना टाकून गाढ झोपलेल्या.

ताईंनी दाराशीच पिशवी घेतली. “आजोबा, उद्यापासून सोडून लगेच जात जा. तुम्ही दिसलात की तिला वाटतं ड्यूटी सुरू झाली.”